पोर्तोतला तारेमी आणि इंटरमधला तारेमी: तिशी उलटलेला स्ट्रायकर घ्यावा का?

पोर्तुगालच्या पोर्तोकडून १८२ सामन्यांत ९१ गोल. इटलीच्या इंटर मिलानकडून ४३ सामन्यांत ३. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, इराणी फुटबॉलपटू मेहदी तारेमीचे. आणि दोन्हींच्या मधे गेला तो फक्त २०२४चा एक उन्हाळा.

दर जून-जुलैत युरोपीय क्लबांच्या चाहत्यांमध्ये हाच वाद पेटतो. नाव असलेला, करार संपलेला, तिशी उलटलेला कुणी स्ट्रायकर (गोल करणं हेच मुख्य काम असलेला पुढचा खेळाडू) आपल्या क्लबच्या वाटेवर असल्याची बातमी येते आणि दोन तट पडतात. एक गट म्हणतो, फुकट मिळतोय तर घेऊन टाका, चौथा स्ट्रायकर म्हणून कामाला येईल. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्यावर पगार उधळू नका. फुटबॉल मॅनेजरसारख्या संगणकावरच्या खेळात संघ बांधणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतोच. इंटरने तारेमीला घेतलं तेव्हा मिलानमध्ये पहिल्या गटाचा विजय झाला होता. वर्षभराने दुसरा गट ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणत होता. माझ्या मते दोघांचंही गणित चुकलं.

माझा कौल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना पटतंय का ते तपासता येईल. तारेमीच्या जातीचा स्ट्रायकर तेहतिसाव्या वर्षीही घ्यावा, पण पहिल्या अकरात खेळवणार असाल तरच. बाकावर बसवायला घेणार असाल तर तो फुकटातही महाग पडतो.

आधी माणूस

जन्म १९९२चा, इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बुशेहरचा. तिथल्या क्लबांतून तो तेहरानच्या पर्सेपोलिसमध्ये गेला आणि २०१५-१६ व २०१६-१७ असे लागोपाठ दोन हंगाम इराणी लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर लागले. (हेच लाल जर्सीवालं पर्सेपोलिस एप्रिल २०२१मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी फातोर्ड्याला आलं होतं. एदू बेदियाने एफसी गोव्याला आघाडी मिळवून दिली आणि पुढच्या दहा मिनिटांत पर्सेपोलिसने सामना उलटवला. तारेमी तोवर पोर्तोत स्थिरावला होता, नाहीतर आपल्याकडच्या लोकांनी त्याला जवळून पाहिलं असतं.) मग कतारचं अल-घराफा, आणि २०१९मध्ये पोर्तुगालमधलं छोटंसं रिओ आव्हे. तिथे पहिल्याच हंगामात लीगमध्ये १८ गोल आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये बरोबरीने पहिला नंबर. २०२०मध्ये पोर्तोने उचलला.

या प्रवासातली एक गोष्ट निर्णय घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. तारेमी युरोपात आला तेव्हाच सत्तावीस वर्षांचा होता. वेगावर जगणारा, विशीत चमकलेला आणि मग मंदावलेला असा तो खेळाडूच नाही. पोर्तोतले त्याचे दोन सर्वोत्तम हंगाम त्याने तिशीच्या उंबऱ्यावर खेळले: २०२१-२२मध्ये लीगमध्ये २० गोल आणि लीगचं विजेतेपद, २०२२-२३मध्ये २२ गोल आणि पोर्तुगीज लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान. त्यामुळे ‘वय झालं’ हे उत्तर त्याच्या बाबतीत जरा जास्तच सोपं आहे.

पोर्तोत काय दिसलं

२०२१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध झालेल्या दोन लढती पाहा. अख्खा तारेमी त्यात आहे, गुणांसकट आणि दोषांसकट.

पहिली लढत पोर्तोच्या घरी. खेळ सुरू होऊन जेमतेम एक मिनिट झालंय. युव्हेंटसच्या बेंतांकुरने गोलरक्षकाकडे मागे पास दिला, निवांत, सवयीचा. बहुतेक स्ट्रायकर अशा पासकडे बघतात आणि चार पावलं उगीच धावल्यासारखं करतात. तारेमी खरंच धावला, घसरत पाय घातला आणि चेंडू जाळ्यात. पोर्तोने ती लढत २-१ जिंकली. परतीची लढत तुरीनला. तिथे पेनल्टीच्या चौकटीत त्याला पाडलं गेलं म्हणून पोर्तोला पेनल्टी मिळाली आणि ऑलिव्हेराने ती मारली. मग दुसऱ्या डावात खेळ थांबल्यावर चेंडू लाथाडला म्हणून त्याला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. जवळजवळ चाळीस मिनिटं आणि वर जादा वेळ पोर्तो दहा जणांनिशी खेळलं. तरीही दोन्ही लढतींचे मिळून गोल समान असताना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या जास्त गोलांच्या जोरावर पुढे गेलं, यात तारेमीच्या पदरी पुण्य किती आणि सहकाऱ्यांच्या किती हे तुम्हीच ठरवा.

पुढच्याच फेरीत चेल्सी. कोविडमुळे दोन्ही लढती सेव्हियात झाल्या. दुसऱ्या लढतीत भरपाईच्या वेळेत नानूने उजवीकडून चेंडू आत उचलला, तारेमीची पाठ गोलकडे, आणि हवेत उलटं होऊन त्याने जी किक मारली ती थेट वरच्या कोपऱ्यात. पोर्तो ती लढत १-० जिंकलं, दोन्ही मिळून २-१ हरलं. पण युरोपीय फुटबॉल संघटना युएफाच्या मतदानात चाहत्यांनी त्या हंगामातला सर्वोत्तम गोल म्हणून हाच निवडला. या गोलाची चित्रफीत पाहून कुणी तारेमी विकत घेणार असेल तर जरा थांबावं. असे गोल वर्षाला वीस होत नसतात. पोर्तोतले त्याचे बहुतेक गोल दिसायला साधे आहेत: उशिरा चौकटीत शिरणं, बचावपटूच्या आंधळ्या बाजूला उभं राहणं, जवळून पहिल्या स्पर्शात ढकलणं. आणि पेनल्टी.

पेनल्टीवर थोडं थांबू. ऑक्टोबर २०२२मध्ये लेव्हरकुसेनच्या मैदानावर पोर्तो ३-० जिंकलं, त्यातले दोन गोल तारेमीच्या पेनल्टीचे. दोनच आठवड्यांनी ब्रुजला ४-० हरवलं, त्यातही त्याचे दोन, ते चालू खेळातले. मग अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध आणखी एक. चॅम्पियन्स लीगच्या एका गटफेरीत पाच गोल ही कुणालाही शोभेल अशी कामगिरी आहे. पण त्याच गटात पहिल्या लढतीत अॅटलेटिकोच्याच मैदानावर तो नाटकी पडल्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला होता. पडण्याची त्याची ख्याती पोर्तुगालमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यात जात असे, आणि ती उगाच नव्हती. पेनल्टी मिळवणं हे त्याचं कौशल्य आणि त्याची बदनामी, दोन्ही एकाच जागी. घेताना दोन्ही घ्यावी लागतात.

आता त्याला मिळालेली जागा. प्रशिक्षक सर्जिओ कॉन्सेसावचं पोर्तो बहुतेक वेळा दोन स्ट्रायकर घेऊन खेळायचं. एव्हानिल्सन बचावफळीला मागे ढकलायचा आणि तारेमी त्याच्या मागे-पुढे घुटमळायचा. खाली येऊन चेंडू घ्यायचा, बाजूला फिरवायचा, मग सगळ्यांत शेवटी चौकटीत पोचायचा. संघाला त्याची ही लय पाठ होती. त्याच्या पायातून चेंडू गेला तरी कुणी त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढत नव्हतं. ही मुभा आकड्यांत दिसत नाही, पण ९१ गोलांखाली तीच आहे.

मधला हंगाम, जो इंटरने नीट पाहायला हवा होता

पोर्तो म्हणजे सोनं आणि इंटर म्हणजे माती अशी मांडणी केली तर मी तुमची फसवणूक करेन. २०२३-२४ हा पोर्तोतला शेवटचा हंगाम. लीगमध्ये फक्त ६ गोल. आधीच्या वर्षी २२, आणि आता ६.

कारणं होती. ऑगस्ट २०२३च्या अखेरीस एसी मिलानकडे जाण्याचा त्याचा व्यवहार शेवटच्या घटकेला फिसकटला. मन दुसरीकडे, शरीर पोर्तोत. जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई चषकासाठी तो कतारला गेला, तिथे सीरियाविरुद्ध लाल कार्ड घेऊन जपानविरुद्धची उपांत्यपूर्व लढत बाहेर बसून पाहिली, आणि उपांत्य फेरीत इराण यजमान कतारकडून ३-२ हरला. परत आला तेव्हा पोर्तोत एव्हानिल्सन पुढे निघून गेलेला. करार संपत आलेल्या खेळाडूकडे प्रशिक्षकही मग त्याच नजरेने बघत नाहीत.

कारणं पटण्यासारखी असली तरी घसरण ही घसरणच. इंटरने जुलै २०२४मध्ये घेतला तो २२ गोलवाला तारेमी नव्हता, ६ गोलवाला होता. बत्तीस पूर्ण होत असलेल्या खेळाडूशी त्यांनी २०२७पर्यंतचा, तीन वर्षांचा करार केला. ट्रान्सफरचे पैसे वाचले म्हणून करार लांबवायचा, ही युरोपात सर्रास होणारी चूक आहे. ‘फुकट’ खेळाडूचा सगळा खर्च पगारात आणि मुदतीत लपलेला असतो.

इंटरमध्ये काय दिसलं

तीन गोल कुठले ते मोजायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०२४, रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध ४-०, पेनल्टी. जानेवारी २०२५, रियाधला इटालियन सुपर कपच्या अंतिम सामन्यात एसी मिलानविरुद्ध, डे व्रायच्या लांबलचक पासवर. आणि त्याच महिन्यात लेच्चेविरुद्ध ४-०, पुन्हा पेनल्टी. इटालियन लीगच्या, म्हणजे सेरी आच्या, २६ सामन्यांत हा लेच्चेविरुद्धचा एकच गोल. तीनातले दोन पेनल्टीवर, आणि जो एक चालू खेळातला, तो सामना इंटर २-०वरून ३-२ हरलं. वाईट नशीब म्हणावं तर तेही आहे.

पण रेड स्टारविरुद्धचा सामना पुन्हा काढून पाहा. त्या रात्री प्रशिक्षक सिमोने इंझागीने लौतारो आणि थुराम ही नेहमीची जोडी बाकावर बसवली आणि तारेमीला सुरुवातीपासून खेळवलं. दुसऱ्या डावात अर्नाउटोविचला गोल त्याने करून दिला, बदली आलेल्या लौतारोला गोल त्याने करून दिला, आणि मग पेनल्टी स्वतः मारली. एका संध्याकाळी तीन गोलांत हात. नव्वद मिनिटांची हमी आणि पेनल्टी मारायची मुभा मिळाली की हा माणूस काय करतो याचा एवढा स्वच्छ पुरावा इंटरच्या अख्ख्या हंगामात दुसरा नाही.

मग चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोना. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत लौतारो दुखापतीमुळे मध्यंतराला बाहेर गेला आणि तारेमी आत आला. ३-३. मिलानच्या परतीच्या लढतीत ७०-७१व्या मिनिटाला पुन्हा लौतारोच्याच जागी. आचेर्बीने भरपाईच्या वेळेत बरोबरी केली ती सगळ्यांना आठवते. जादा वेळेत ९९व्या मिनिटाला थुरामने उजवीकडून झुंजत चेंडू आत आणला. चौकटीत गर्दी, तारेमीकडे चेंडू, आणि त्याने मारला नाही. एका हलक्या स्पर्शाने फ्रातेसीसाठी मागे ठेवला. फ्रातेसीने डाव्या पायाने खालच्या कोपऱ्यात टाकला, ४-३, इंटर अंतिम फेरीत. हंगामभर गोलासाठी भुकेल्या स्ट्रायकरने त्या क्षणी स्वतः न मारता पास देणं मला आजही थोर वाटतं. गोलांच्या यादीत त्याची नोंद नाही.

अंतिम सामन्यात, ३१ मे २०२५ला म्युनिकमध्ये, पॅरिसच्या पीएसजीने इंटरला ५-० धुतलं. इंझागीने पाच बदल केले. त्यात तारेमी नव्हता. गोलांची नितांत गरज असताना, तीन-चार गोलांनी मागे असताना, बाकावरचा स्ट्रायकर न वापरणं म्हणजे प्रशिक्षकाने त्याच्यावर मनातल्या मनात काट मारली होती, दुसरं काही नाही.

समोरासमोर ठेवल्यावर

जागा. इंटरच्या तीन-पाच-दोनच्या रचनेत (तीन बचावात, पाच मध्यात) पुढे दोन स्ट्रायकर असतात, म्हणजे कागदावर तारेमीला साजेशी व्यवस्था. पण पोर्तोत तो जे काम करायचा, खाली येऊन जुळवणं आणि उशिरा चौकटीत पोचणं, ते इंटरमध्ये कर्णधार लौतारो मार्टिनेझ करत होता. दुसऱ्या जागेवर थुराम, ज्याचं काम मोकळ्या जागेत धावणं. ते तारेमीचं बलस्थान कधीच नव्हतं. म्हणजे एका जागेवर त्याच्याच धाटणीचा, त्याच्याहून पाच वर्षांनी तरुण आणि क्लबचा लाडका खेळाडू, आणि दुसरी जागा त्याच्या पायांना न झेपणारी. लीगमध्ये थुरामने १४ आणि लौतारोने १२ गोल केले, चॅम्पियन्स लीगमध्ये लौतारोचे ९. यांना बसवून तारेमीला खेळवा असं कुणी वेडाही म्हणणार नाही.

मिनिटं. पोर्तोत सुरुवातीपासून, इंटरमध्ये बहुतेकदा सत्तराव्या मिनिटानंतर. इंटर तोवर पुढे असेल तर आत आलेल्या स्ट्रायकरचं काम चेंडू धरून ठेवणं, फ्री किक मिळवणं, वेळ काढणं. मागे असेल तर सगळा संघ घाईत. दोन्हींत तारेमीचा संथ, वाट पाहणारा खेळ बसत नाही. तो प्रतिस्पर्ध्याला तासभर वाचतो आणि मग डंख मारतो. वीस मिनिटांत वाचून होत नाही.

पेनल्टी. पोर्तोत त्याच्या हक्काची. इंटरमध्ये मैदानात चालहानोग्लू असला की प्रश्नच मिटला. हा फरक किरकोळ वाटतो, पण हंगामाला पाच-सहा गोल इथेच जातात, आणि त्याहून मोठं म्हणजे स्ट्रायकरचा आत्मविश्वास जातो. एक पेनल्टी जाळ्यात गेली की पुढच्या सामन्यात तोच माणूस अवघड चेंडूही मारून बघतो.

बचाव. इटलीतल्या बचावफळ्या शारीरिकदृष्ट्या कडक आणि जागेला चिकटून असतात, पोर्तुगालमध्ये तळाच्या संघांविरुद्ध पोर्तोला जेवढी सवड मिळते तेवढी इथे मिळत नाही. हे खरं आहे. पण यावर जास्त भर द्यावासा वाटत नाही, कारण युव्हेंटस, अॅटलेटिको, चेल्सी यांच्याविरुद्ध पोर्तोच्या तारेमीने चमक दाखवलीच होती.

आणि खेळाडूचा स्वतःचा वाटा? तो आहे. सेरी आच्या २६ सामन्यांत एक गोल याचं समर्थन कुठल्याच युक्तिवादाने होत नाही. समोर येऊनही त्याने घालवलेल्या संधी इंटरच्या चाहत्यांना तोंडपाठ आहेत. हंगाम पुढे सरकला तसा त्याचा चेहरा पडला, पहिला स्पर्श लांब जायला लागला, जिथे पूर्वी मारला असता तिथे पास शोधायला लागला. इंटरने नापोलीकडून लीग एका गुणाने गमावली. एका गुणाने! तिसऱ्या स्ट्रायकरने लीगमध्ये आणखी चार गोल केले असते तर काय झालं असतं हा प्रश्न क्रूर आहे, पण निर्णय घेणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

पाय मात्र संपले नव्हते. मार्च २०२५मध्ये, इंटरमध्ये बाकावर कुजत असतानाच, तेहरानला उझबेकिस्तानविरुद्ध इराण दोनदा मागे पडला आणि दोन्ही वेळा तारेमीने बरोबरी साधली. २-२, इराण विश्वचषकाला पात्र. तिथे तो पहिल्या अकरातला होता, नव्वद मिनिटं त्याची होती.

हे आधीही घडलंय

जुन्या लोकांना यात अली दाई दिसल्याशिवाय राहणार नाही. देशासाठी शंभरावर गोल करणारा दाई १९९७मध्ये करीम बाघेरीबरोबर अर्मिनिया बिलेफेल्डमध्ये आला, तिथून वर्षभरात बायर्न म्युनिकने उचलला. वय २९. जागेसाठी स्पर्धेत एल्बर, यांकर, झिकलर. ऑटमार हिट्झफेल्डच्या पहिल्याच हंगामात बायर्न जर्मनीचं विजेतं ठरलं आणि दाईच्या वाट्याला लीगचे २३ सामने, ६ गोल आले, त्यातलं बरंचसं बदली म्हणून. मग २६ मे १९९९, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. दाई बाकावर. बायर्न नव्वद मिनिटं १-०ने पुढे, आणि भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल करून चषक नेला. दाई बाकावरून उठलाच नाही.

सव्वीस वर्षांच्या अंतराने दोन इराणी स्ट्रायकर, दोघे तिशीच्या पुढचे, दोघेही अंतिम सामना हरलेल्या संघाच्या बाकावर शेवटपर्यंत. योगायोग आहे, मी त्यातून इराणी फुटबॉलबद्दल काही सिद्ध करायला जाणार नाही. मला त्या सामन्यात दुसरंच काही दिसतं. युनायटेडचे ते दोन गोल ज्यांनी केले, शेरिंगहॅम आणि सोल्शायर, ते दोघेही बाकावरून आत आलेले. शेरिंगहॅम तेव्हा ३३ वर्षांचा होता. म्हणजे वय झालेला स्ट्रायकर बाकावरून सामना फिरवू शकतो. फक्त त्याची घडण तशी असावी लागते: आत येताच पहिल्या दोन मिनिटांत खेळाच्या वेगाशी जुळवून घेणारा, अहंकार घरी ठेवून आलेला, कॉर्नरवर जागा शोधणारा. दाई तसा नव्हता, तारेमीही नाही. हा वेगळाच हुन्नर आहे आणि गोलांच्या आकड्यांवरून तो ओळखता येत नाही.

दाईने पुढे हेर्था बर्लिनमध्ये काय केलं तेही तपासण्याजोगं. सप्टेंबर १९९९मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीविरुद्ध दोन गोल करून २-१ विजय, आठवड्याभराने एसी मिलानच्या मैदानावर १-१मध्ये आणखी एक. बर्लिनकर खूश. आणि लीगमध्ये? तीन हंगाम, ५९ सामने, ६ गोल. मोठ्या रात्री चमकणारा आणि शनिवारी दुपारी हरवणारा. मोठ्या रात्रींच्या चित्रफिती बघून करार करणाऱ्यांनी हा ५९ला ६चा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

उलट उदाहरण आपल्या गोव्यातलं. फेरान कोरोमिनास, आपला कोरो, एफसी गोव्यात आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. भारतातल्या आयएसएल लीगचा दर्जा आणि सेरी आचा दर्जा यांची तुलना करायची गरज नाही. पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने सगळा संघ त्याच्या पायाशी चेंडू पोचवण्यासाठी बांधला होता, तो पहिला होता, आणि वयाने त्याला रोखलं नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी

राष्ट्रीय संघाचा कर्णधारवजा खेळाडू घेतला की आशियाई चषकाच्या वर्षी ऐन हंगामात तो महिनाभर जाणार. शिवाय तेहरानपर्यंतचे पात्रता सामन्यांचे लांब प्रवास. पंचविशीत ते जाणवत नाही, तेहतिशीत आठवडाभर जाणवतं.

दुसरी गोष्ट अशी की हिशोबात न धरलेलं काही होऊ शकतं. जून २०२५मध्ये इस्राएल-इराण संघर्ष भडकला, हवाई हद्द बंद झाली आणि तारेमी तेहरानमध्ये अडकला. अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकाला इंटर त्याच्याशिवाय गेलं. यात खेळाडूचा तिळमात्र दोष नाही आणि यावरून कुणी इराणी खेळाडू घेऊ नये असं म्हणणं हलकटपणाचं होईल. पण एकच पर्यायी स्ट्रायकर ठेवून हंगाम आखू नये, एवढं नक्की.

कार्डं मोजा. युव्हेंटस, अॅटलेटिको, सीरिया. तिन्ही लाल कार्डं दोन-दोन पिवळ्यांची, तिन्ही टाळता येण्यासारखी. मोठ्या बाद फेरीत हा धोका पत्करायचा की नाही हे प्रशिक्षकाला आधी विचारा.

पायरियस: मधला रस्ता

ऑगस्ट २०२५च्या अखेरीस इंटरने त्याला ग्रीसच्या पायरियसमधल्या ऑलिम्पियाकोसकडे सोडला. तीन वर्षांच्या कराराचं एक वर्ष जेमतेम भरलं होतं. त्याआधीच इंटरने २००५ साली जन्मलेल्या पिओ एस्पोझितोला मुख्य संघात घेतलं होतं आणि पार्माकडून २००३ सालचा आँज-योआन बोनी विकत आणला होता. म्हणजे बाकावर बसवायचंच असेल तर शिकणारा पोरगा बसवा, हा धडा त्यांनी घेतला. योग्यच घेतला.

ऑलिम्पियाकोसची गरज वेगळी होती आणि ती त्यांनी नीट ओळखली होती असं मला वाटतं. त्यांचा पहिला स्ट्रायकर आयुब एल काबी, २०२४च्या कॉन्फरन्स लीग अंतिम सामन्यात फिओरेंतिनाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल करणारा, तोही तिशी उलटलेला. पण एल काबी मोरोक्कोचा, आणि डिसेंबर-जानेवारीत आफ्रिका चषक मोरोक्कोतच होता. म्हणजे हंगामाच्या मध्यावर तारेमी आपोआप पहिला होणार हे सही करतानाच ठाऊक होतं. शिवाय प्रशिक्षक होसे लुइस मेंदिलिबारचा संघ चेंडू लवकर पुढे टाकतो, चौकटीत माणसं भरतो, दोघांना एकत्रही खेळवता येतं. नोव्हेंबरमध्ये रेआल माद्रिद ऑलिम्पियाकोसच्या कराइस्काकिस मैदानावर आलं आणि एम्बापेने चार गोल मारले, तरी सामना ४-३पर्यंत ताणला गेला. ऑलिम्पियाकोसच्या तीन गोलांत एक तारेमीचा, एक एल काबीचा.

पायरियसला इराणी स्ट्रायकर नवा नाही, करीम अन्सारीफर्द तिथे गोल करून गेलाय. स्टेडियममधल्या लोकांना असा खेळाडू वाचता येतो. चेंडू हरवला की लगेच शिट्ट्या वाजत नाहीत, निदान इंटरच्या सान सिरो मैदानावर वाजतात तितक्या तरी नाहीत.

तर घ्यावा का

तुमचा क्लब विजेतेपदासाठी खेळतो, पहिले दोन स्ट्रायकर ठरलेले आहेत, आणि तुम्हाला बाकावर कुणीतरी हवाय: घेऊ नका. त्या जागेसाठी शेरिंगहॅमच्या घडणीचा माणूस शोधा, नाहीतर अकादमीतला मुलगा. तारेमीला तिथे घेणं म्हणजे पगारही घालवणं आणि खेळाडूही.

तुमचा क्लब युरोपातल्या दुय्यम स्पर्धेत आहे, पहिला स्ट्रायकर विकला गेलाय किंवा मध्यावर जाणार आहे, आणि मधल्या फळीत चेंडू वेळेवर देणारा कुणी आहे: घ्या, आनंदाने घ्या. दहा-बारा गोलांची अपेक्षा ठेवा, बाविसांची नको. त्याच्याबरोबर धावणारा एक तरुण जोडीदार लागेल, ते पैसे वेगळे काढून ठेवा.

आणि मधल्या कुठल्याशा परिस्थितीत असाल, म्हणजे कधी खेळवू कधी बसवू, तर करार एकाच वर्षाचा करा, दुसरं वर्ष ठरावीक सामने खेळल्यावरच लागू होईल असं कलम घाला, आणि सही होण्याआधी प्रशिक्षकाकडून एका प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या: पेनल्टी कोण मारणार?